येतां हां

आमच्या घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणायचं नाही. चुकून तोंडातून निसटलं तर आई पायरीवरून परत बोलवायची, कोपभर, म्हणजे कपभर, पाणी प्यायला लावायची आणि नीट शब्द म्हणवून घेऊन मगच सोडायची. दुकानावर उंडे, म्हणजे पाव, आणायला जा नाहीतर परदेशी नोकरीला जा, म्हणायचं ‘येतां’. घरातल्याने उत्तर द्यायचं ‘यो’. ही रीत सगळीकडे आहे हे मला ठाऊक आहे, पण आमची आई या बाबतीत फौजदार होती. ‘वच’, म्हणजे जा, हा शब्द ती फक्त तापाला आणि लागलेल्या दृष्टीला म्हणायची.

मला हरमलला दिलं. तिथल्याच बाजूच्या शाळेत मी मराठी शिकवते. धाकटा भाऊ आईजवळ मयेला राहायचा आणि साखळी गावात एका मित्राबरोबर संगणक दुरुस्तीचं दुकान चालवायचा. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, “एकलेचें आयकतां तें पुरो गे ताई.” ती एकली म्हणजे आई. आणि आई तरी कुठे त्याचं सोडून कुणाचं ऐकत होती? मी सांगितलेलं औषध कडू, त्याने सांगितलेलं गोड. आपला तो बाब्या, दुसरं काय!

आईला साखरेचा आजार आहे. सकाळच्या न्याहरीनंतर एक गोळी घ्यायची, ती ती हटकून विसरायची. मोबाईल घेऊन दिला तर तो तिने पिठाच्या डब्यामागे ठेवला, वाजला तर भीती वाटते म्हणून. मग भावाने तळहातावर मावेल एवढा एक संगणक आणला, साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत बसवला, त्याला एक स्पीकर जोडला आणि फ्रिजच्या शेजारच्या फळीवर ठेवून दिला. पोदेर, म्हणजे पाववाला, पोंपों वाजवत वाडीवरून गेला की थोड्या वेळाने फळीवरून भावाचा, भरून ठेवलेला आवाज यायचा.

“आई, न्ह्यारी जाली? गुळी घे गे. उदक मात्शें चड पी. येतां हां.”

न्याहरी झाली का, गोळी घे, पाणी जरा जास्त पी, एवढंच. त्यातलं शेवटचं ‘येतां हां’ त्याला म्हणायचं नव्हतं. दुकानाला उशीर झालेला, हेल्मेट हातात, दारात उभा राहून घाईघाईत त्याने ते बोलणं भरलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं. मी चिडवलं की तुझं यंत्रसुद्धा तुझ्यासारखंच पळायच्या घाईत आहे. तो हसला आणि म्हणाला, राहू दे. आईला आवडलं होतं. पहिल्याच दिवशी तिने चुलीपासून मान वर न करता यंत्राला उत्तर दिलं होतं, “यो.”

आमच्या भागात आभाळ गडगडलं की वीज जाते, आणि नाही गडगडलं तरी जाते. संगणक काही लिहून ठेवत असताना मधेच वीज गेली की त्याच्यातलं कार्ड बिघडायचं. दोनदा तसं झालं. तेव्हा भावाने त्या कार्डाला आतून कुलूप घातलं. म्हणजे त्याच्यावरचं वाचता येईल, पण नवीन काहीच लिहिता येणार नाही, पुसताही येणार नाही. मी मास्तरीण म्हणून मला फळ्याची भाषा वापरून समजावलं. फळ्यावर लिहिता लिहिता कुणी हात ओढला तर अक्षर मोडतं, मग लिहायचंच नाही, मोडणार काय?

“म्हणजे ज्याला काही शिकवता येत नाही असा विद्यार्थी,” मी म्हटलं.

“न्हय गे ताई,” तो म्हणाला. “कांयच विसरना असलो विद्यार्थी.”

आणखी एक गोष्ट त्याने बोलता बोलता सांगितली होती, ती मी तेव्हा अर्धवट ऐकली. त्या चिमुकल्या संगणकाला स्वतःचं घड्याळ नव्हतं. सुरू झाला की तो इंटरनेटला वेळ विचारायचा. इंटरनेट नसेल तर कार्डावर जी शेवटची वेळ लिहिलेली असेल तीच खरी मानायचा. आणि कार्डाला तर कुलूप. म्हणजे त्याच्यावर शेवटची वेळ एकच होती, भावाने कुलूप घातलं त्या सकाळची, न्याहरीच्या जरा आधीची.

मग भाऊ गेला. मराठीची बाई म्हणून मी हे वाक्य बराच वेळ बघत बसले आहे. येतां म्हणाला आणि गेला. डिचोलीच्या उतारावर ओल्या रस्त्यात स्कूटर घसरली, एवढंच. दुसरं कुणी त्यात नव्हतं, त्यामुळे रागवायलाही कुणी मिळालं नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. मामा काहीबाही बोलले, मित्राने दुकान नीट चालवीन म्हटलं, कावळे आपले माडावर बसून बघत राहिले. शेवटी मी पदर खोचला आणि मोठ्याने म्हटलं, “आईच्या गुळयांचें हांव पळयतां. तूं हुसको करूं नाका.” पळयतां म्हणजे बघते, हुसको म्हणजे काळजी. मी म्हटलं आणि एक कावळा उतरला. त्याला भूक लागली असेल हे मला कळतं. पण मी बोलले आणि तो आला हेही खरं आहे, आणि ते शब्द मला परत घेता येत नाहीत.

त्या सगळ्या गडबडीत फळीवरच्या यंत्राची पिन कुणीतरी काढून ठेवली होती. तेराव्यानंतर आवराआवर करताना कुणीतरी ती परत लावली. इंटरनेट तोवर बंद करून टाकलं होतं, घरात ते वापरणारं कोण उरलं होतं? दिवेलागण झाली होती. तुळशीपुढे मी निरांजन ठेवत होते आणि घरातून माझा भाऊ म्हणाला, “आई, न्ह्यारी जाली?”

माझ्या हातातली काडी विझली. आत मावशी किंचाळली. पाटावर बसलेले मामा उठून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. भाऊ आपलं गुळीचं, उदकाचं सगळं सांगून ‘येतां हां’ म्हणाला. मग सगळं शांत झाल्यावर स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. रडका नाही, घाबरलेला नाही, रोजचाच.

“यो पुता. सांबाळून यो.”

आणि तिने उठून पुढचं दार उघडून ठेवलं.

मावशीचं म्हणणं, ते यंत्र तळ्यात टाका, सुंठीवाचून खोकला जाईल. मी आईला बाजूला घेऊन बसले. मला वाटलं तिचा तोल गेला. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच शाळेत उशिरा पोचलेली मुलगी झाले.

“तो मेला तें हांवें पळयलां गे,” ती म्हणाली. “पिशी जावंक ना हांव. पूण येतां म्हणटल्याक यो म्हणूंक नाका?”

पिशी म्हणजे वेडी. ती वेडी नव्हती. ती रीत पाळत होती. येतो म्हणणाऱ्याला ये म्हणायचं, आणि ये म्हटल्यावर दार लावायचं नाही. खरं सांगायचं तर मलाही तो आवाज हवा होता. हरमलला परतल्यावर मी आईला फोन करायची तो पोदेर जाण्याच्या वेळेला, शेजारीण वहिनी यंत्र बंद-चालू करून त्याची सकाळ जुळवायची आणि आईच्या कानाला फोन धरून उभी राहायची. मला फळीवरचं पुसट ऐकू यायचं. मग मी शाळेत जायची.

वीज न गेलेल्या दिवसांत सगळं ठीक होतं. पण वीज गेली आणि आली की संगणक पुन्हा त्या जुन्या सकाळी उठायचा. बाहेर दुपार असो की तिन्हीसांज, त्याच्या लेखी माझा भाऊ घरात होता, हेल्मेट हातात होतं, न्याहरी व्हायची होती. थोड्या वेळाने आवाज यायचा. वाडीवरच्या बायका संध्याकाळच्या त्या वाटेने यायच्या बंद झाल्या. रानाकडून फिरून यायच्या. वहिनी तेवढी धीट, पण तीही मला म्हणाली, “ताई, भर दनपारां ‘येतां’ म्हणटा तेन्ना आंगार कांटो येता.” भर दुपारी अंगावर काटा यायचा तिच्या. माझ्याही आला, सुट्टीत राहायला गेले तेव्हा. मी उन्हात पापड वाळत घालत होते आणि आतून तो बोलला. मी वळले. दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यावर ऊन पडलं होतं, बाकी कुणी नाही. मी त्या उंबऱ्यावरून आत जायला घाबरले. माझ्या भावाला घाबरले, ज्याचं नाक मी लहानपणी पुसलं होतं.

आई मात्र अशा वेळी चेहरा धुऊन, केस सारखे करून बसलेली असायची.

मग एका सकाळी वहिनीचा फोन आला. आई न्हाणीच्या दाराशी पडली होती, घामाने भिजलेली, बोलण्याला उत्तर नाही. तिला डिचोलीच्या दवाखान्यात नेलं. साखर पार खाली गेली होती. डॉक्टर तरुण बाई होती, तिने मला बाहेर बोलावून विचारलं, या दिवसाला किती गोळ्या घेतात? मी म्हटलं एक. ती म्हणाली, एकीने असं होत नाही. मग तिने सरळ सांगितलं की ही गोळी आता बंद, आणि पुन्हा अशी पडली तर उठेलच असं धरून चालू नका.

मी वहिनीला म्हटलं, वीज फार वेळा गेली असेल. प्रत्येक वेळी तो सांगत असेल आणि ही घेत असेल.

वहिनी म्हणाली, “वीज खंय गेल्ली? दोन दीस वीज गेल्लीच ना.”

घरी येऊन मी फळीकडे गेले. यंत्राच्या पिनेजवळचं पांढरं बटण पिवळं झालं होतं. हळदीचं बोट होतं ते, एकावर एक उमटलेलं, आईच्या आंगठ्याएवढं. फोडणी टाकता टाकता ती उठायची, बटण बंद करायची, चालू करायची आणि चेहरा धुऊन बसायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा वीज गेली-आली की तो बोलतो, हे तिने बघून बघून ओळखलं होतं.

आई दवाखान्यातून आल्यावर मी विचारलं, बोलावतेस ते समजलं, पण गोळी कशाला घ्यायची दर वेळी?

ती म्हणाली, “ताका आपयलो आनी ताचें आयकलें ना, अशें कशें करूं गे?” म्हणजे त्याला बोलवायचं आणि त्याचं ऐकायचं नाही, हे कसं बरं दिसेल? तो आपल्या गोळीसाठी येतो. गोळी घेतली नाही तर कशाला येईल?

मला त्या क्षणी भावाचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो आणि तो कुठे ठेवायचा हे कळत नाही. तुझ्या कावळ्यापुढे मी शब्द दिला आहे, आणि तूच मला तो पाळू देत नाहीस! मी गोळ्या फेकून दिल्या. आईने वहिनीच्या नकळत रिक्षावाल्याकडून औषधवाल्याकडच्या नव्या मागवल्या. मी पिन काढून यंत्र कपाटात ठेवलं, तर ती भिंतीकडे तोंड करून निजली आणि पेज समोर धरली तरी ओठ उघडेना. साखर खाली गेलेल्या बाईने उपाशी राहणं म्हणजे तेच मरण दुसऱ्या दाराने आत घेणं. मी पिन परत लावली. एकच मार्ग राहिला. त्या कार्डावरचं भावाचं बोलणं बदलायचं.

भावाच्या मित्राला फोन केला. त्याने एका रविवारी सकाळी कीबोर्ड, एक तार आणि एक पेनड्राइव्ह आणून पायरीवर ठेवला. आत ये म्हटलं तर आला नाही. आईला भेटायला म्हणून मागे एकदा तो घरात आला होता, बाराव्या-तेराव्यानंतरच, आणि नेमका तेव्हाच आवाज आला होता. तो स्कूटरवर बसून रस्त्यापलीकडे चिंचेखाली जाऊन थांबला आणि तिथून मला फोन लावला. जनेलातून, म्हणजे खिडकीतून, मला तो दिसत होता. त्याचे ओठ हलायचे आणि शब्द माझ्या कानाशी यायचे. घरातल्या टीव्हीला मी तार जोडली. काळा पडदा, पांढरी अक्षरं.

त्याने सांगितलं तसं मी आधी भावाच्या आवाजाची फाईल शोधली. तिचं नाव ‘सकाळ’. इंग्रजी अक्षरांत, पण शब्द मराठी. माझ्या भावाला मराठीत कधी पस्तिसाच्या वर गुण पडले नाहीत. मी ती तिथून हलवायचा हुकूम टंकला. पडद्यावर उत्तर आलं की हे फक्त वाचण्यासाठी आहे.

“तें रीड-ओन्ली आसा ताई,” मित्र फोनवर म्हणाला. “वाचूंक मेळटा, बरोवंक मेळना. तेणेंच केलां तशें.”

“ठाऊक आहे मला. आता ते काढायचं कसं?”

चिंचेखाली त्याने हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. मग म्हणाला, “हांव आसल्यार काडूंक नाशिल्लें. हात दाखवून अवलक्षण कित्याक?”

“तुला आई पडलेली बघायची आहे का रे परत?” मी म्हटलं. माझा वर्गातला आवाज लागला असावा, कारण तो लगेच सांगू लागला.

हुकूम एका ओळीचा होता. पहिला शब्द सूडो. तो म्हणाला, म्हणजे मालकाच्या हक्काने. मी म्हटलं, मालक तर नाही. तो म्हणाला, “ताई, तूं बरय.” बरय म्हणजे लिही. मी लिहिलं. पुढे माउंट, मग वजाबाकीचं चिन्ह आणि ओ, मग रिमाउंट, स्वल्पविराम, आर, डब्ल्यू. शेवटी एक तिरपी रेघ. मी टंकलं आणि कळ दाबली. पडद्याने मला चुकीचा वापर म्हणून हाकललं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी एकेक अक्षर वाचून दाखवलं तेव्हा त्याला उमजलं. तिरपी रेघ मी शेवटच्या अक्षराला चिकटवली होती. वाक्य संपलं की पूर्णविराम शब्दाला चिकटून द्यायचा, पंचवीस वर्षं पोरांच्या वह्यांत मी हीच चूक दुरुस्त करत आले आहे. हात तिथेच गेला.

“तो पूर्णविराम न्हय ताई,” तो म्हणाला. “ती वेगळी बरय. ती रेघ म्हणल्यार मूळ. सगळें जाचेर उबें आसा तें. घर म्हण.”

मी जागा सोडून रेघ वेगळी लिहिली. कळ दाबायच्या आधी पाठीमागे पदराचा वास आला. आई उठून आली होती. भिंतीचा आधार घेत टीव्हीकडे बघत होती.

“कितें करता गे?”

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, भावाने याला कुलूप घातलं होतं. इतके दिवस यातून फक्त ऐकता येत होतं, आत काही घालता येत नव्हतं. ते कुलूप काढते आहे. त्याचं गोळीचं बोलणं काढून ठेवायचं आहे. नाहीतर तू मरशील, आई. मला आणखी कुणाच्या कावळ्याशी बोलायचं नाही.

मला वाटलं ती तार ओढेल. ती बाकावर बसली. पडद्यावरच्या त्या ओळीकडे तिने खूप वेळ पाहिलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही, मराठीसुद्धा बोट ठेवून वाचते.

“म्हणल्यार,” ती हळू म्हणाली, “इतले दीस तो उलयतालो आनी हांव दिताली ती जाप ताका पावनाशिल्ली?”

जाप म्हणजे उत्तर. ती रोज देत होती ते उत्तर. ‘यो पुता, सांबाळून यो.’ मी मान हलवली. नाही पोचलं, आई. आत काही लिहिलं जात नव्हतं.

“तरीच,” ती म्हणाली. “तरीच परत परत येतां म्हणटा. ताका आयकूंकच येना.”

फोनमधून मित्र विचारत होता, ताई, झालं का, ताई? मी फोन मांडीवर ठेवला.

“आतां पावता?” आईने विचारलं.

शिकवताना मी मुलांना कधी खोटं उत्तर देत नाही. येत नसेल तर उद्या सांगते म्हणते. आईला उद्या सांगते म्हणायची सोय नव्हती. मी कळ दाबली. पडद्यावर काहीच आलं नाही, फक्त ओळ खाली सरकली. हुकूम चालला की नाही हे कळेना. मी भीत भीत फोन उचलला, तर मित्र म्हणाला, कांय म्हणलें ना जाल्यार जालें. काही बोलला नाही म्हणजे झालं. कुलूप उघडलं होतं.

“आतां पावता,” मी आईला म्हटलं.

तिने केस सारखे केले. न्हाणीत जाऊन चेहरा धुऊन आली. मी माझा मोबाईल तिच्यापुढे धरला, आणि तिने तो घाबरून मागे लोटला नाही. तिला काय म्हणायचं आहे हे मी विचारलं नाही. मला वाटलं ‘यो’ म्हणेल, आणि मला ते नको होतं, कारण मग ते ‘यो’ रोज सकाळी त्या फळीवरून ऐकावं लागलं असतं आणि दार कधीच लागलं नसतं.

“बाबू,” ती म्हणाली. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं, ते थांबेपर्यंत थांबली. “बाबू, ती गुळी दोतोरान बंद केल्या. हांवें न्ह्यारी केल्या, उदक पियेलां. हुसको करूं नाका.”

पुन्हा थांबली. मी मोबाईल बंद करायला आंगठा नेला, तर तिने माझं मनगट धरलं.

“वच, पुता,” ती म्हणाली. “आतां वच.”

माझ्या आईच्या तोंडून तो शब्द मी माणसाला उद्देशून त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी रडले, ते लपवत बसले नाही. ती रडली नाही. तिने मनगट सोडलं आणि विचारलं, “बरें आयलें?” नीट उमटलं का?

पुढचं सगळं मित्राने सांगितलं तसं केलं. तिचं बोलणं पेनड्राइव्हवरून आत नेलं आणि ‘सकाळ’ या नावाने ठेवलं. भावाचं पुसलं नाही. आई म्हणाली, पुसू नको, पण त्याला बोलायला लावू नको. ते मी आतल्याच एका कप्प्यात ठेवलं, नाव बदलून. काय नाव दिलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मग तोच हुकूम पुन्हा, या वेळी शेवटचं एक अक्षर वेगळं, आणि कुलूप होतं तसं लागलं. मित्राने चिंचेखालून विचारलं, संपलं? मी म्हटलं, ये, चहा घे. तो आला. पायरीवर बसून प्यायला, आत नाही. पण कोप मात्र आईच्या हातून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला सुट्टी टाकली होती. पोदेर गेला. त्याच्या मागोमाग बटण बंद-चालू करायला कुणी उठलं नाही. मी आधीच चालू करून ठेवलं होतं, आई पाटावर पोदेराकडची पोय, म्हणजे कोंड्याचा पाव, मोडत बसली होती. फळीवरून तिचाच आवाज आला. बाबू, ती गुळी दोतोरान बंद केल्या. तिने खाणं थांबवलं. शेवटपर्यंत ऐकलं, डोकं किंचित कलतं करून, जणू आत कुणी उत्तर देतं का बघत होती. कुणी दिलं नाही. मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, पुढच्या दाराशी गेली आणि दार लावून घेतलं. खिट्टी घातली. मग परत येऊन राहिलेली पोय चहात बुडवून खाल्ली.

त्या बटणाला हळद लागलेली नाही आता. मी गेले की बघते. वीज जाते, येते, अवेळी फळीवरून माझी आई माझ्या भावाला जा म्हणते. वहिनी म्हणते, याचंही भय वाटतंच. मलाही वाटतं. एक दिवस आई नसेल आणि वीज येईल आणि ती म्हणेल हांवें न्ह्यारी केल्या, आणि तेव्हा ते कुलूप पुन्हा मलाच काढावं लागेल. ती ओळ मी विसरलेले नाही. रेघेच्या आधी जागा सोडायची.

पण मला सांगायचं होतं ते त्याच दुपारचं. हरमलला जायची माझी बस होती. पिशवी खांद्याला लावली, लावलेलं दार उघडलं, पायरी उतरले आणि लहानपणापासूनच्या सवयीने वळून म्हटलं, “येतां हां, आई.”

ती दाराच्या चौकटीत उभी होती. तिने माझ्याकडे नीट, डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, जणू मी कशाची बनलेली आहे ते तपासत होती.

“यो,” ती म्हणाली. “पूण तूं खरेंच यो गे.”